एका बोटाची जागा

बामणोलीच्या शाळेत, बाकं भिंतीला सारून
सतरंजी टाकली होती. आम्ही एकोणीस जण:
लाँचवाले, दोन वनमजूर, वासोट्याचे वाटाडे,
पर्यटकांना भाकरी करून घालणारी कुसुम शेलार,
आणि कमरेखाली काहीच नसलेला
एक रबरी माणूस.
आदल्या दिवशी तापोळ्याला वर्ग होता,
तिथून तो माझ्या लाँचमधून आला, पोत्यात.
मी त्याला पाहुणा म्हणालो, तेच नाव पडलं.

म्हाळूनं खिडकीतून डोकावून विचारलं,
"याचे पाय तापोळ्यालाच राहिले काय?"
सगळे हसले. मीही.

मुल्ला सिस्टर कराडच्या. आवाज असा
की या काठावरून पल्याडची म्हैस वळावी.
"छातीच्या मधोमध. तळहाताची टाच. कोपर ताठ.
दाबा जोरात, पाहुणा तक्रार करणार नाही."
कुसुमनं तीस मोजले, पदरानं तोंड पुसलं,
"वरी कांडलेली परवडली, बाई."

मग त्यांनी विचारलं, दवाखाना किती लांब.
कुणी म्हणालं, सातारा, चाळीस किलोमीटर.
कुणी म्हणालं, घाटानं दीड तास, धुकं नसलं तर.
मी म्हणालो, कुठनं? किल्ल्याच्या पायथ्यापास्नं
आधी दीड तास नुसतं पाणी. मग ते.
फळ्यावर त्यांनी 'तीन तास' लिहिलं,
खडू ठेवला.
"या तीन तासांत डॉक्टर कोण?"
बाहेर कुणाचं तरी इंजिन ठोके चुकवत होतं,
तेवढंच ऐकू आलं.

जेवणानंतर साप.
"चावला तर काय कराल?"
एकोणीस तोंडांतून एकच: बांधायचं. आवळून.

"बांधायचं नाही.
कापायचं नाही, चोखायचं नाही.
अंगठी, जोडवी, पैंजण आधी काढायचं.
हाड मोडल्यावर लावतो तशी फळी लावायची,
माणसाला चालू द्यायचं नाही,
आणि लस असेल तिथं न्यायचं. वाटेत कुठंही न थांबता."
सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं.
माझं पेन चाललं नाही.

माझी गाठ सुटत नाही, ही माझी ख्याती.
पाणी चढू दे, वारा फिरू दे,
माझी लाँच रात्रीत कधी काठ सोडून गेली नाही.
आठ वर्षांमागं, कारवीच्या रानात,
म्हाळूच्या पोटरीवर दोन ठिपके.
मी लाँचची नायलॉन काढली,
गुडघ्याखाली तीन वेढे, वर माझी गाठ.
सगळं पाणी कापेपर्यंत तो म्हणत होता,
दाजी, ढिली करा.
मी म्हणत होतो, गप.

सिव्हिलला जीव राहिला. पाय नाही.
डॉक्टर म्हणाले, "विष तर होतंच, पण,"
आणि पुढचं माझ्याकडं बघून गिळलं.
गाठ त्यांना कात्रीनं कापावी लागली.
हे मी पहिली दोन वर्षं
लोकांना अभिमानानं सांगत होतो.

उन्हं उतरल्यावर फळीचा सराव निघाला.
"पेशंट कोण होतंय?"
म्हाळू पावत्यांची खिडकी बंद करून आला होता,
कुबडी दाराला टेकवली,
सतरंजीवर आडवा झाला.
"एकच आहे. चालंल?"

वल्ह्याचं तुटकं पातं, घडी घातलेलं घोंगडं,
कुसुमच्या जुन्या लुगड्याच्या पट्ट्या.
हात सवयीनं आवळायला गेले.
"गाठीखालून एक बोट गेलं पाहिजे,"
सिस्टर माझ्या खांद्यावरून म्हणाल्या.
मी बोट घातलं. गेलं.
आत कातडी गरम होती.

"दाजी," म्हाळू म्हणाला, "अजून जरा ढिली करा."
केली.
आता दोन बोटं जात होती, मग तीन.
"एवढी नको, सुटंल ती," सिस्टर म्हणाल्या.
म्हाळू छताच्या पत्र्याकडं बघत पडला होता.
मी पट्टी सोडली,
आणि पहिल्यापासून बांधायला घेतली.